जलदुर्गाच्या नावाचे स्थानक

सिंधुदुर्ग हे नाव मूळचे समुद्राचे. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर जो जलदुर्ग बांधावयास घेतला, त्याचे ते नाव. आज मात्र ते ओरोस येथील एका लहानशा रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही वाचावयास मिळते, आणि तेथे लाटांचा आवाज पोहोचत नाही. मालवणची मुंबईची वाट पाण्यावरून जमिनीवर आली, त्याची ही खूण होय.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबईस जायचे ते आगबोटीने. मालवणच्या खडकाळ बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. पावसाळा लागला की बोटी बंद. मग घाट चढून कोल्हापूर वा बेळगाव गाठावे आणि तेथून आगगाडी धरावी. मुंबईस कामाला असलेल्या मुलाला भर आषाढात वडिलांच्या निधनाची तार मिळाली, तर मातीला पोहोचण्याची आशा त्याने न धरलेलीच बरी.

रेल्वेची मागणी जुनी. बॅ. नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली. त्यांच्या पश्चात प्रा. मधु दंडवते राजापूरचे खासदार झाले. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी आपटा-रोहा मार्गाला चालना दिली. पुढे १९९० साली ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग जुळून आला, आणि कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. फर्नांडिस तरुणपणी बंगलोरच्या सेमिनरीत धर्मगुरू होण्यासाठी शिकत होते. ते तेथून बाहेर पडले, यात ख्रिस्तसभेचे नुकसान झाले की कोकणाचा लाभ, हे वाचकांनीच ठरवावे!

ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली हजारो खातेदारांच्या जमिनी घेऊन, डोंगर पोखरून काम चालले. कित्येक मजूर बोगद्यांत व पुलांवर मृत्युमुखी पडले. रत्नागिरीस त्यांचे स्मारक आहे. गोव्यात जुन्या चर्चेस व खाजण जमिनी यांच्या काळजीने मार्गाला विरोध झाला. तो आम्हांस अडाणीपणाचा कधीच वाटला नाही. अखेर पेडण्याचा बोगदा पुरा होऊन १९९८ साली सबंध मार्ग खुला झाला.

रेल्वेने गाव रिकामे केले, असे पुष्कळदा ऐकू येते. आम्हांस ते पटत नाही. तरुण मुंबईस जात होते ते बोटीच्या काळापासूनच. बदलले ते परतणे. आता रात्री गाडीत बसलेला मुलगा सकाळी घरी पोहोचतो. नाताळला येतो, फेस्ताला येतो, आणि मातीलाही येतो.

२०२२ पासून सारा मार्ग विजेवर चालतो. परंतु रोहा-वीर वगळता बहुतेक ठिकाणी तो अजूनही एकेरीच आहे. लांब पल्ल्याची गाडी पुढे काढण्यासाठी सावंतवाडीची पॅसेंजर बाजूच्या रुळावर थांबवून ठेवतात. स्थानकावर उतरल्यावर मालवण गाठायला आणखी वाहन शोधावे लागते, ते वेगळेच.