ट्रॉलीला ब्रेक लागतो का? लागला तर इलेक्ट्रिक, हवेचा की ऑइलचा? आधी काट्याची पावती काढा

सातारा-सांगली : कारखान्यांची धुराडी पेटली की रेठरे, यशवंतनगर, साखराळे, वाळवा, कुंडल, चिखलीकडं जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रंदिवस दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. ट्रॅक्टरला ब्रेक असतो. मागच्या ट्रॉल्यांना बहुतेक वेळा नसतोच. "आजवर काय झालंय?" हे गाडीमालकाचं ठरलेलं उत्तर. पण अलीकडं मोबाईलवर परदेशातले ट्रेलर बघून काही जण विचारू लागलेत, की आपल्या ट्रॉलीला इलेक्ट्रिक ब्रेक बसतो का, आणि मुळात त्याची गरज आहे का?

हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती आणि रस्त्याचा उतार, एवढं पुरतं.

आधी वजनाचा हिशोब

पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन असतं, रिकाम्या गाडीचंही असतं. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आरसी बुकात सापडतं. भरलेल्या वजनातून ट्रॅक्टरचं वजन वजा केलं की ट्रॅक्टरला मागून ढकलणारा बोजा कळला.

समजा ट्रॅक्टर सव्वादोन टनाचा आहे आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून १८ टन. एकूण २० टनांच्या आसपास. वीस फूट पुढं गेल्यावर एक फूट खाली जाणारा उतार असेल, तर हा सगळा बोजा सुमारे एक टन जोरानं खाली ओढतो. टायरच्या घर्षणात त्यातला तीन-चारशे किलो जोर मुरतो. उरलेला सहा-सातशे किलो जोर ब्रेकनं धरायचा असतो, तोही थांबायला नाही, नुसता वेग वाढू नये म्हणून.

आता ट्रॅक्टर किती धरू शकतो ते बघा. ब्रेक मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर दीड टन वजन धरलं तर कोरड्या डांबरावर फार तर नऊशे किलोची पकड मिळते. म्हणजे थांबण्यासाठी हातात राहिले दोनशे-तीनशे किलो. रस्ता ओला असेल, त्यावर शेतातला चिखल किंवा पाचट पडलेलं असेल, तर तेवढंही नाही. बारा फुटांत एक फुटाचा उतार आला की हिशोबच उलटा होतो. ब्रेक कितीही नवा असला तरी चाक जाम होऊन घसरतं आणि गाडी खालीच जाते. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्याची थोडी मदत होते. चारचाकी ट्रॉलीत तीही नाही.

म्हणून "ट्रॅक्टरचे ब्रेक आत्ताच लायनर घालून आणलेत" या बोलण्याला उतारावर अर्थ राहत नाही. ब्रेकमध्ये जोर आहे, पण त्या चाकांवर वजनच नाही. वजन ट्रॉलीच्या चाकांवर आहे, पकडही तिथंच मिळणार. घाटात बैलगाडी उतरवताना चाकाला लाकूड घासत ठेवायची रीत आपल्या आजोबांना माहीत होती. त्यापेक्षा कितीतरी जड ट्रॉली आपण तशीच सोडतो, हे नवलच.

मग ब्रेक कुणाला हवा?

आमचा अंदाज सांगतो. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा हलकी असेल, रस्ता सपाट असेल आणि वेग कमी असेल, तर ब्रेकशिवाय भागतं. शेतातलं खत, चारा, पाण्याची लहान टाकी अशी कामं यात येतात. ट्रॉली ट्रॅक्टरच्या दुप्पट झाली की सपाट रस्त्यावरही ब्रेक असायला हवा. आणि वाटेत उतार असेल तर एकाच ट्रॉलीलासुद्धा हवा. शिराळा, पाटण, जावळी, खानापूर घाटमाथ्यावरच्या वाहतूकदारांनी यावर फार विचार करत बसू नये.

कृष्णाकाठच्या माणसाला वाटेल, आपल्याकडं घाट कुठाय? पण कॅनॉलच्या पुलावरून उतरणारा रस्ता, ओढ्याकडं जाणारी पाणंद, हायवेला लागायच्या आधीचा उतार, हेही उतारच आहेत. खाली बहुतेक वेळा चौक असतो. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे सपाटीलाही लागू आहे.

बाहेर देशांत नियम किती कडक आहेत बघा. युरोप आणि ऑस्ट्रेलियात साधारण ७५० किलोच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचा ब्रेक लागतो. आपली रिकामी ट्रॉलीच त्यापेक्षा जड भरते.

इलेक्ट्रिक ब्रेक म्हणजे काय

चाकाच्या ड्रममध्ये लोहचुंबक असतो. १२ व्होल्टचा करंट दिला की तो ड्रमला चिकटतो, फिरता ड्रम त्याला ओढतो आणि त्या ओढीनं लायनर फाकतात. किती करंट सोडायचा ते चालकाजवळचा कंट्रोलर ठरवतो. एका चाकाला साधारण तीन अँपिअर, म्हणजे चार चाकांना बारा. दोन-अडीच हेडलाइटएवढा करंट, ट्रॅक्टरच्या बॅटरीला हे काही जड नाही. ट्रॉली सुटली तर तिच्यावरच्या लहान बॅटरीनं ब्रेक आपोआप लागावा अशीही सोय त्यात करता येते.

अडचण दुसरीकडं आहे. हे ब्रेक मुख्यतः जीप, पिकअपच्या मागच्या ट्रेलरसाठी बनतात. अशा ट्रेलरच्या एका अ‍ॅक्सलवर साधारण तीन-साडेतीन टन येतात. आपल्या ऊसट्रॉलीच्या एका अ‍ॅक्सलवर त्याच्या दुप्पट-अडीचपट भार असतो. शिवाय वायर. फडात पाचटात अडकून, चिखलात भिजून वायर किती दिवस टिकेल? मागचा दिवा ज्या ट्रॉलीचा हंगामभर लागत नाही, तिचा ब्रेक वायरवर सोडायचा? जनरेटर, फवारणीचा ब्लोअर, दीड-दोन टनी टाकी असल्या हलक्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक चांगला. उसाला नको.

उसाला हवेचा किंवा ऑइलचा ब्रेक बरा. हवेच्या ब्रेकला ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि टाकी लागते. ट्रॉलीला जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल असेल तर ड्रम आधीच असतो, काम सोपं होतं. ऑइलच्या ब्रेकला ट्रॅक्टरच्या पेडलशी जोडलेला वेगळा व्हॉल्व्ह लागतो. डंपिंगच्या लिव्हरवरूनच पाइप काढून देणारे मिस्त्री भेटतील. तसं करू नका. त्यात ब्रेक पायाच्या दाबाप्रमाणं कमी-जास्त होत नाही, एकदम पूर्ण लागतो, चाकं जाम होतात आणि ट्रॉली आडवी येते. तिसरा प्रकार ट्रॉलीनं पुढं ढकललं की हुकाच्या दांड्यातून आपोआप लागणारा. तो स्वस्त आणि साधा आहे, पण चढावर गाडी मागं येऊ लागली तर उपयोगाचा नाही.

दोन ट्रॉल्यांपैकी एकीलाच ब्रेक करायचे पैसे असतील तर मागच्या ट्रॉलीला करा. मागची धरली की सगळी माळ ताणून सरळ राहते. फक्त पुढची धरली तर मागची तिला ढकलून वाकडी करते. रिकाम्या ट्रॉलीला मात्र तोच ब्रेक जास्त होतो, त्यामुळं रिकामं येताना पेडल हळू.

ब्रेक बसेपर्यंत

ट्रॅक्टरची डावी-उजवी पेडलं रस्त्यावर पट्टीनं जोडलेलीच हवीत. सुटी राहिली आणि एकच दाबली गेली तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाका, उतारात गिअर बदलायला क्लच दाबू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं तर साफ बंद. हुकाच्या पिनेला लॉक आणि बरोबर साखळी ठेवा. टोळीतली माणसं, लहान पोरं भरलेल्या उसावर बसून येतात, ते मुकादमाशी बोलून थांबवा. गाडी उलटली तर आधी तीच खाली सापडतात.

ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात. ब्रेकची कोणती अट आपल्या ट्रॉलीला लागू आहे, ते आरसी घेऊन सातारा, कराड किंवा सांगलीच्या आरटीओत विचारा, अ‍ॅक्सलमध्ये बदल करायच्या आधीच. जादा वजनाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहेत. खेपेला टनावर पैसे मिळतात म्हणून भर वाढवली जाते, पण दंडाचा हिशोबही टनावरच होतो.

ब्रेक बसवल्यावर लगेच फडावर जाऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर आधी रिकाम्या, मग अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीनं थांबून बघा. दहा-बारा वेळा ब्रेक लावल्यावर उतरून ड्रमजवळ हात न्या, हात लावू नका. एक ड्रम तापलेला आणि दुसरा गार असेल तर ब्रेक एकाच बाजूला ओढतोय, मिस्त्रीला परत बोलवा. आणि उतारावर उभी करताना चाकाला उटी लावायची सवय ब्रेक आल्यावरही सोडू नका. हवा रात्रभरात उतरते.