किल्वा : मोसमी वाऱ्यांनी घडविलेले नगर

कोकणातील आपल्या कित्येक कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी पोटासाठी आफ्रिकेची वाट धरली. मोंबासा, नैरोबी, केपटाऊन ही नावे त्या घरांत परकी वाटत नाहीत. परंतु त्या किनाऱ्याचा इतिहास आपण आपल्या मुलांना कितीसा सांगतो? म्हणूनच वाचकहो, आज आपण तेथील एका जुन्या बंदराची सफर करू या. त्याचे नाव किल्वा.

टांझानियातील दार-एस-सलामहून दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटर गेले की किल्वा मसोको हे गाव लागते. तेथून होडीने समोरच्या बेटावर जायचे. आज तेथे कोळ्यांची लहानशी वस्ती आहे, गोरखचिंचेची झाडे आहेत आणि पडक्या भिंती आहेत. पण एके काळी आफ्रिकेचे सोने या बेटावरून जगभर जात असे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल.

असे नगर नेमके येथेच का उभे राहिले? याचे उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर अरबस्तान व हिंदुस्थानची गलबते आफ्रिकेकडे जात आणि पुढे नैर्ऋत्य वारा सुरू झाला की परत फिरत. एका मोसमात जाऊन येता येईल असे किल्वा हे जवळजवळ शेवटचे बंदर. त्याच्याही दक्षिणेस सोफाला होते आणि झिम्बाब्वेच्या पठारावरील सोने तेथे उतरत असे. तो व्यापार किल्वाने आपल्या हाती घेतला. सोने व हस्तिदंत बाहेर जाई. कापड, मणी व चिनी मातीची भांडी आत येत. गुजरातचे कापड तर या किनाऱ्यावर फार मोलाचे मानले जाई.

इ. स. १३३१ मध्ये एक प्रवासी या बंदरात उतरला. तो म्हणजे मोरोक्कोचा इब्न बतूता. हे नगर अत्यंत सुंदर व उत्तम बांधणीचे असल्याचे त्याने लिहून ठेवले. येथील लोक शाफई मजहबाचे आहेत, अशीही नोंद त्याने केली. आपले कोकणी मुसलमानही शाफईच आहेत. समुद्राने केवळ मालाचीच ने-आण केली असे नाही. नमाजाची रीत, फिकहची पुस्तके आणि शब्दही त्याच वाटेने फिरले. स्वाहिली हे नावच अरबीतील ‘साहिल’ म्हणजे किनारा या शब्दापासून आले. त्या भाषेचे व्याकरण आफ्रिकेतील बांटू कुळाचे आहे. पण तिच्यातील किताबू, दुनिया, सफारी, दुका, गारी हे शब्द ऐकले तर आपल्याला अर्थ विचारावा लागणार नाही.

त्या वेळी सुलतान हसन बिन सुलेमान गादीवर होता. त्याची कारकीर्द म्हणजे किल्वाचा सुवर्णकाळ. प्रवाळाचा दगड व चुना यांनी बांधलेली येथील मोठी मशीद, तिचे घुमट व कमानी पाहताना पाऊल पुढे टाकवत नाही. जवळच हुसुनी कुब्वा हा त्याचा प्रासाद आहे. त्यात शंभराहून अधिक खोल्या होत्या आणि एक अष्टकोनी हौदही होता. किल्वाचे सुलतान आपल्या नावाची तांब्याची नाणी पाडीत.

या सुलतानाच्या औदार्याची एक हकीगत इब्न बतूताने सांगितली आहे. जुम्याच्या नमाजानंतर येमेनच्या एका फकिराने सुलतानाकडे त्याच्या अंगावरचीच वस्त्रे मागितली. सुलतान मागे वळला, दुसरे कपडे घातले आणि अंगावरची वस्त्रे त्याने फकिराला दिली. पुढे शहजाद्याने ती वस्त्रे परत घेऊन बदल्यात दहा गुलाम दिले. लोकांनी केलेली वाहवा ऐकून सुलतानाने आणखी दहा गुलाम व दोन ओझी हस्तिदंत दिले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. वस्त्रे काढून देणारा राजा पाहून आपले मन भरून येते. पण ते वीस गुलाम कोण होते? त्यांचे गाव कोणते, त्यांची आई कोण? त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्या पानावर आपल्याला अभिमान वाटतो, त्याच पानावर मान खाली घालावी लागते. दोन्ही वाचावे लागते. एवढेच वाचून तेवढे सोडून दिले तर तो इतिहास नव्हे.

पुढची कथा थोडक्यात अशी. १५०२ मध्ये वास्को द गामाने तोफांच्या धाकाने खंडणी घेतली. १५०५ मध्ये आल्मेइदाच्या आरमाराने नगर लुटले व तेथे किल्ला बांधला. १५१२ मध्ये पोर्तुगीज निघून गेले, पण गेलेले वैभव परतले नाही. अठराव्या शतकात किल्वाला पुन्हा पैसा मिळाला, तो मात्र गुलामांच्या व्यापारातून. १७७६ मध्ये तेथील सुलतानाने एका फ्रेंच व्यापाऱ्याला वर्षाला एक हजार माणसे विकण्याचा करार केला. १९८१ मध्ये युनेस्कोने किल्वाचे अवशेष जागतिक वारसा म्हणून जाहीर केले.

किल्वाच्या जुन्या बखरीत म्हटले आहे की, शिराझच्या एका राजपुत्राने बेटाला वेढा घालील एवढे कापड देऊन हे बेट विकत घेतले. म्हणजे हे नगर परक्यांनी वसविले काय? उत्खननात मात्र त्याही आधीच्या स्थानिक आफ्रिकी वस्तीच्या खुणा सापडल्या. २०२३ मध्ये या किनाऱ्यावरील जुन्या कबरींतील अवशेषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांवरून दिसते की, त्यांतील अनेकांचे मातृकुळ आफ्रिकी होते, तर पितृकुळ बरेचसे इराणी होते. बखरीत बाप आठवला, आईचा मात्र विसर पडला.

पालकहो, शेवटी एकच सांगावेसे वाटते. हाच इब्न बतूता पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला. गोव्याच्या दक्षिणेस होनावर येथे मुलींच्या १३ व मुलांच्या २३ शाळा पाहिल्याचे त्याने नमूद केले आहे. सहा शतके उलटली, गलबते गेली, सोने गेले. पण एका प्रवाशाने लिहून ठेवले म्हणून त्या मुलींच्या शाळा आज आपल्याला माहीत आहेत.

आपल्या घरातील आजोबा कोणत्या जहाजाने गेले आणि आजीने मागे घर कसे सांभाळले, हे विचारून घ्या. मुलांच्या हाती वही द्या आणि त्यांना दोघांचेही लिहू द्या.