पितळेवरचं नाव

‘दुर्बीण’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. पण जुनी पितळी दुर्बीण हाती आली, की माणूस ती आधी डोळ्याला लावत नाही. नळीवर काय कोरलंय ते वाचतो. ‘लंडन’ ही अक्षरं दिसली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. याचे किती येतील?

लंडनच्या या नावांत सगळ्यांत मोठं नाव डॉलंड. जॉन डॉलंड हा मूळचा रेशीम विणणारा. फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबातला. त्याचा मुलगा पीटर याने १७५० साली भिंगांचं दुकान काढलं आणि दोन वर्षांनी बापानेही माग सोडून त्याच धंद्यात पाऊल टाकलं. त्या काळच्या दुर्बिणीत एक खोड होती. साध्या भिंगातून पाहिलं की वस्तूच्या कडेला निळी-तांबडी झालर दिसायची. न्यूटनसारख्या माणसाने यावर भिंगांत उपाय नाही असं मत दिल्याने बाकीचे गप्प होते. डॉलंडने क्राउन आणि शिसं मिसळलेली फ्लिंट, अशा दोन जातींच्या काचांची भिंगं एकमेकांना जोडून ती झालर जवळजवळ घालवली. १७५८ साली त्याला पेटंट मिळालं.

आता खरी गंमत. हीच युक्ती पंचवीसेक वर्षांपूर्वी चेस्टर मूर हॉल नावाच्या एका वकिलाला सुचली होती. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगं दोन वेगवेगळ्या दुकानांत करायला टाकली. त्या दोघांनीही आपापलं काम ज्या कारागिराकडे पाठवलं तो एकच निघाला, जॉर्ज बास! दोन्ही भिंगं एकाच गिऱ्हाइकाची, हे बासच्या ध्यानात आलं आणि तिथून कुणकुण पसरली, असं सांगतात. जॉन डॉलंड १७६१ मध्ये वारला. पुढे पीटरने इतर दुकानदारांवर दावे लावले, तेव्हा त्यांनी हॉलचं नाव पुढे केलं. पण १७६६ च्या निकालात न्यायालयाने डॉलंडचा हक्क मान्य केला. ज्याने शोध कपाटात ठेवला त्याच्यापेक्षा ज्याने तो लोकांपर्यंत पोचवला त्याला पेटंटचा लाभ, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल व्यवहाराला धरून असेल, पण मला त्यात बासचं नाव कुठे दिसत नाही. काच घासली होती त्याने.

डॉलंडचं नाव इतकं चाललं, की त्याच्या हयात वारसांसमोरच नकली माल बाजारात आला. त्यातल्या काही नकलांवर स्पेलिंग किंचित बदललेलं असे. खऱ्या नावात इंग्रजी ‘ओ’ दोनदा येतो, या नकलांत दुसऱ्या ‘ओ’च्या जागी ‘ए’. आपल्या देवनागरीत दोन्ही ‘डॉलंड’च लिहिली जातील, म्हणून मुद्दाम सांगतो. अर्थात त्या काळातली नक्कलही आता दीड-दोनशे वर्षांची झाली आहे. तिला डॉलंडची किंमत नाही, पण ती टाकाऊही नाही.

आम्हा कवींना हा प्रकार नवा नाही. गझलेच्या शेवटच्या शेरात शायराचं तखल्लुस येतं, अभंगात संतांची नाममुद्रा येते. पण तुकोबांची मुद्रा आहे म्हणून प्रत्येक अभंग तुकोबांचा ठरत नाही. जाणकार आधी भाषा पाहतात, ठेवण पाहतात आणि मग मुद्रेवर विश्वास ठेवतात. दुर्बिणीचंही तसंच करावं.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतलं एक कोकणातलं कुटुंब अशीच एक दुर्बीण घेऊन आलं. घरातले चाचा जन्मभर बोटीवर खलाशी होते. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत ही निघाली. लाकडी डबी, आत लाल मखमल, नळीवर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’. घरात मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेबही मांडला होता. मी काय सांगणार? केल्विन आणि ह्यूज या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. त्या एकत्र आल्या १९४० च्या दशकात. १९१७ साली या जोडनावाची दुर्बीण निघणंच शक्य नाही. चाचांनी निवृत्तीनंतर मुंबईच्या एखाद्या जुन्या बाजारात हौसेने घेतली असावी. चाची एवढंच म्हणाली, “मग ती नातवाला खेळायला राहू दे.”

म्हणून नाव बाजूला ठेवून वस्तूच पाहावी. पहिली गोष्ट म्हणजे पितांबरी, चिंच, राख यांतलं काहीही तिला लावू नका. पितळेवर चढलेला काळपट तपकिरी रंग हा तिच्या वयाचा दाखला असतो. तो घासून काढला की किंमतही उतरते. मग अक्षरं भिंगाखाली धरा. हाताने कोरलेल्या अक्षराची खोली कमी-जास्त असते, वळणावर हत्यार दाबल्याचं कळतं. छापलेलं किंवा यंत्राने काढलेलं अक्षर सगळीकडे सारखं येतं. नळी नीट पाहा. जुन्या काळी पितळी पत्रा गुंडाळून सांधा डाखाने जोडत, त्याची लांब रेघ दिसू शकते. बिनसांध्याच्या ओढीव नळ्या नंतरच्या. स्क्रूच्या डोक्यावर फुली असेल, तर असे स्क्रू १९३० च्या दशकात आले हे लक्षात ठेवा. एखादा दुरुस्तीत बसवलेला असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर दुर्बीण नवी समजा.

पुढच्या भिंगात दिव्याचं प्रतिबिंब पाहा. साध्या एकेरी भिंगात दोनच प्रतिबिंबं दिसतात, जोडभिंगात त्याहून जास्त. मग लांबची पाटी वाचून पाहा. चांगल्या दुर्बिणीतून अक्षरं स्वच्छ आणि सुलटी दिसतात. शोभेच्या दुर्बिणीतून कडेला तीच झालर, डॉलंडने घालवलेली! सूर्याकडे मात्र ती चुकूनही रोखू नका, डोळा जाईल.

किंमतीचं म्हणाल, तर खरी असली तरी घबाड मिळेलच असं नाही. एकोणिसाव्या शतकातली साधी खलाशी दुर्बीण लंडनच्या लिलावात शंभर-दोनशे पौंडांतही जाते. भाव वाढतो तो कारागिराचं नाव, अखंड भिंगं, मूळचं झाकण, चामड्याचं वेष्टण आणि मुख्य म्हणजे हकिगत यांमुळे. बुडत्या जहाजावरच्या ब्रिटिश खलाशांना वाचवणाऱ्या परदेशी कप्तानांना ब्रिटिश सरकार दुर्बिणी भेट देत असे. त्यावर कप्तानाचं नाव आणि त्याने दाखवलेल्या माणुसकीची नोंद कोरलेली असते. अशी दुर्बीण संग्राहक शोधत असतात. आणि आपल्याकडे एक कायदाही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी विकायला नेता येत नाही.

आता त्या नकली ‘लंडन’ दुर्बिणी कुठून येतात, ते पाहू. त्यातल्या कितीतरी आपल्याच देशात, रुरकीत तयार होतात. गंगेच्या कालव्याच्या निमित्ताने तिथे सरकारी कारखाना उभा राहिला, १८४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज निघालं आणि त्यांच्या आधाराने मोजणीची यंत्रं बनवणारे कारागीर गावात वाढले. कागदावरचे नकाशे संगणकावर गेले तशी त्या यंत्रांची मागणी आटली. मग त्याच पितळेतून शोभेचे होकायंत्र आणि दुर्बिणी होऊ लागल्या.

आपल्या कारागिरांना हे काम येत नव्हतं असं मुळीच नाही. अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचा हात पाहून त्याला सर्वेक्षण खात्यात घेतलं गेलं. थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र, त्याच्या पोटात दुर्बीणच असते. लंडनहून आलेला हेन्री बॅरो गेल्यावर ही यंत्रं सांभाळायचं काम मीर मोहसीनकडे आलं आणि जॉर्ज एव्हरेस्टने त्याच्या कौशल्याची मनापासून तारीफ केली. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. मीर मोहसीनचं नाव सर्वेक्षणाच्या जुन्या कागदपत्रांत राहिलं. आणि रुरकीचे कारागीर अजूनही लंडनचंच नाव ठोकतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. खाली ‘रुरकी’ असं कोरलेली एकही दुर्बीण अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.