अतिविचाराची सवय

अतिविचार : घडून गेलेल्या किंवा घडू शकणाऱ्या एखाद्या गोष्टीभोवती मन पुन्हा पुन्हा फिरत राहते, पण त्यातून निर्णय निघत नाही की कृती घडत नाही, अशी सवय. मानसिक विकारांच्या प्रचलित वर्गीकरणांत हिला स्वतंत्र आजार मानलेले नाही. नैराश्य, चिंताविकार आणि निद्रानाश यांच्याशी मात्र तिचे जवळचे नाते आहे.

विचार किती केला यावरून अतिविचार ठरत नाही. घर घेताना चार बँकांचे व्याजदर मांडून पाहणाऱ्याला फार तर चिकित्सक म्हणावे. कर्जाच्या कागदांवर सही होऊन महिना उलटला तरी रोज रात्री दिवा मालवल्यावर तोच हिशेब मांडत बसणारा मात्र अतिविचारात सापडलेला असतो. त्या हिशेबाने आता काहीच बदलायचे नसते. अभ्यासक या सवयीची दोन रूपे वेगळी धरतात. एक, मागचे उगाळणे : लग्नघरात जाऊबाई बोलल्या त्यात टोमणा होता का, मुलाखतीत त्या सोप्या प्रश्नावर आपण अडखळलोच कसे. दुसरे, पुढची काळजी : मुलाचा फोन लागत नाही एवढ्यावरून थेट अपघातापर्यंत जाऊन पोचणे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण या दुसऱ्या रूपाची. रोजच्या जगण्यात दोन्ही मिसळलेली असतात. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, की आपले काय चुकले आणि आता काय होणार हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत येतात.

उगाळण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा (१९५९–२०१३) यांनी केला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच्या १४ दिवस आधी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मनःस्थिती, आणि उदास वाटले की ते काय करतात, याच्या नोंदी त्यांच्याकडे योगायोगाने झालेल्या होत्या. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना तपासले, तेव्हा ज्यांना आधीपासून उगाळण्याची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. पुढे १९९५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्यासह त्यांनी दाखवले की, उदास विद्यार्थी थोडा वेळ जरी स्वतःच्या भावनांवर विचार करत राहिले, तरी त्यानंतर त्यांना अडचणींवर सुचणारे उपाय कमी प्रतीचे असतात. तितक्याच उदास, पण लक्ष दुसरीकडे वळवलेल्या विद्यार्थ्यांत ही घट दिसली नाही. ‘नीट विचार केला की मार्ग सापडेल’ या समजुतीवरच हा निष्कर्ष बोट ठेवतो.

तरीही सवय सुटत नाही, कारण ती उपयोगाची आहे असे मनाला वाटते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांच्या उपचारपद्धतीत काळजीच्या विषयापेक्षा काळजीविषयीच्या समजुतींवर भर असतो : काळजी केली की संकट टळते, निदान तयारी तरी होते. मराठी घरांत या समजुतीला मायेचाही आधार मिळतो. मुलगी पुण्याला पोचल्याचा फोन येईपर्यंत जागणारी आई प्रेमळ ठरते, झोपी गेलेली बेफिकीर. अशा घरात काळजी सोडणे हे जबाबदारी सोडण्यासारखे वाटते, आणि सवय मोडण्यातली खरी अडचण बहुधा हीच असते.

‘विचार करू नकोस’ हा सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला सर्वांत निरुपयोगी आहे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला आणि तो आलाच तर घंटी वाजवायला सांगितले. घंटी वाजत राहिली. नंतर मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही याच विद्यार्थ्यांना अस्वल जास्त आठवले.

दाबण्याऐवजी पुढे ढकलणे अधिक साधते. टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेल्या पद्धतीत काळजीसाठी रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास राखून ठेवतात. एरवी विचार आला की तो त्या वेळेवर सोपवायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचे. ही वेळ झोपण्याच्या आसपास ठेवू नये आणि शक्यतो अंथरुणावरही बसू नये. लिहून ठेवल्याने सोपवणे सोपे जाते. अर्धा तास आला की त्यातल्या कित्येक काळज्या शिळ्या झालेल्या असतात.

एडवर्ड वॉटकिन्स यांचा भर प्रश्न बदलण्यावर आहे. ‘माझ्याच बाबतीत असे का होते?’ याला तळ नसतो. ‘उद्या सकाळी पहिले काय करायचे?’ याला उत्तर असते. स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेला, पुण्यात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी पहिल्या प्रश्नावर आठवडा घालवू शकतो. दुसऱ्या प्रश्नाला तो गुणपत्रिका काढून कोणत्या विषयात किती गुण गेले ते पाहू लागतो. निवडीच्या बाबतीत हर्बर्ट सायमन यांची १९५६ मधील कल्पना कामी येते : सर्वोत्तमाच्या मागे न लागता आपल्या अटी आधी ठरवाव्यात आणि त्या पुऱ्या करणारा पहिला पर्याय घ्यावा. फ्रिज, मोबाइल, सुटीतले हॉटेल यांना हा नियम बिनधोक लावता येतो; जोडीदार निवडताना अटींची यादीच किती लांब करायची हा वेगळा वाद.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे रुजली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकाने ती सामान्य वाचकापर्यंत नेली. ‘लोकांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे’ यातला ‘च’ आणि ‘पाहिजे’ तपासून पाहणे, हा या पद्धतीचा गाभा. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीतून येणाऱ्या अतिविचारावर ती विशेष लागू पडते.

काळजी सहा महिने किंवा अधिक काळ बहुतेक दिवस टिकत असेल आणि झोप, काम, नाती बिघडत असतील, तर चिंताविकाराची तपासणी करून घ्यावी. गॅसचे बटण पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसेल, तर तो मंत्रचळाचा प्रकार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि वरच्या घरगुती युक्त्या तिथे पुऱ्या पडत नाहीत. केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते.