लष्करातली परसबाग आणि ऋषीची भाजी

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा आपला जुना नेम. म्हणजे नांगरटीच्या शेतातले काही नको. कुदळ-खुरप्याने, माणसाच्या हाताने पिकवलेले तेवढेच चालते. अळू, माठ, अंबाडी, दोडका, पडवळ, सुरण, लाल भोपळा, मक्याचे कणीस एकत्र शिजवले की ऋषीची भाजी होते. ज्याच्या घरी परसबाग, त्याला हे व्रत सोपे. कोकणात भाद्रपदात कुंपणावरही वेल चढलेले असतात. आम्हां ग्वाल्हेरकरांना मात्र ही भाजी कमवावी लागली.

दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये उज्जैनहून राजधानी ग्वाल्हेरला आणली. किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ पडला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. फौजेच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य, कारागीर अशी मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. सणवार बरोबर आले, हवा मात्र इथलीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारभर लू वाहते, पाऊस बहुधा जूनअखेरीस येतो. पुन्हा पौषात कडाक्याची थंडी.

अशा गावात अळू कसे जगवायचे? ते मुळात पाणथळ जागेतले झाड. उत्तर मोरीत सापडले. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी जिथे परसात उतरे, तिथेच अळू लावायचे. भांडी राखेने घासली जात, केस शिकेकाईने धुतले जात. त्यामुळे ते पाणी झाडाला बाधत नसे. थंडीत पाने जळाली तरी कंद मातीखाली जिवंत राही आणि ऊन तापू लागले की पुन्हा फुटे. इकडच्या मंडईत मान त्या कंदाला, ‘घुइयां’ म्हणून. आपल्याला फदफद्याला आणि वड्यांना हवे पान. तेव्हा घरचे अळू हाच भरवसा.

वेलांची गोष्ट निराळी. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलभाज्यांचे बी लावायचे, ही महाराष्ट्रातली रीत. इथे त्या दिवशी लावलेल्या रोपाला पाऊस येईपर्यंत भर उन्हात तग धरावा लागतो. त्याला दुपारी गोणपाटाची सावली हवी, आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन हवे आणि पाणी पहाटे किंवा दिवेलागणीला हवे. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे साध्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरणे. माती सुकेल तसतसे पाणी झिरपते, वाफ होऊन उडत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही ही पद्धत सांगितली आहे. एकदा दोडका-पडवळ मांडवावर चढले की अंगणालाच सावली करतात, आणि त्या सावलीत खालचा ओलावा टिकतो.

या भाजीतले सगळेच जिन्नस ऋषींच्या काळचे नाहीत. मका आणि लाल भोपळा मूळचे अमेरिकेतले; पोर्तुगीज दर्यावर्दी आल्यानंतर ते आपल्याकडे रुजले. तरीही व्रताने त्यांना पंक्तीत घेतले. नेम होता तो हाताच्या कष्टाचा; भाजी कुठली, हे कुणी विचारले नाही.

परसबागेची हाक सरकारनेही दिली. १९४२ च्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवून पीक घेतले. मोहिमा आल्या, गेल्या. मोरीवरचे अळू मोहिमेवाचून टिकले, कारण ते रोजच्या पाण्याच्या वाटेवर होते.

ती वाटच आता तुटली आहे. वाडे पडले, सदनिका उभ्या राहिल्या, मोरी नळातून थेट गटाराला मिळाली आणि राखेची जागा साबणाच्या पावडरीने घेतली. ऋषीची भाजी आपण आजही करतो, पण ट्रॅक्टरच्या शेतातली, मंडईतून आणलेली. बैलाचे कष्ट त्यात नाहीत हे खरे, पण आपलेही नाहीत.

सज्जात एक जुनी बादली मावते. तांदूळ आणि भाज्या धुतल्याचे पाणी अजून प्रत्येक घरात आहे. अळवाला आणि माठाला तेवढे पुरते. ज्यांच्याकडे अळू टिकले आहे, त्यांनी होळीनंतर एक कंद शेजारच्या घरी द्यावा. पुढच्या पंचमीला आपल्या भाजीत निदान दोन पाने तरी आपल्या हातची असतील.