भिंतीला कंठ कसा फुटला

टीव्हीशेजारी भिंतीला चिकटून बसलेला चपटा ‘ऑन-वॉल’ स्पीकर दिसतो आजच्या काळातला, पण त्याचं घराणं जुनं आहे.

1946 साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात पॉल क्लिप्श या अभियंत्याने कोपऱ्यात ठेवायचा स्पीकर बाजारात आणला. त्याच्या या ‘क्लिप्शहॉर्न’मध्ये खोलीच्या दोन भिंती म्हणजे जणू कर्ण्याचाच पुढचा भाग. पेटी बाहेर काढली, की खर्ज उतरलाच. पुढे 1974 मध्ये स्पीकर-अभियंते रॉय अ‍ॅलिसन यांनी भिंतीचा हिशेब मांडला. स्पीकर भिंतीपासून 60 सेंटिमीटर पुढे असेल, तर भिंतीवर आपटून परतलेली लाट साधारण 143 हर्ट्झला मूळ लाटेच्या विरोधात उभी राहते आणि पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा नेमका तिथेच पातळ होतो. पेटी भिंतीलगत असेल, तर खालच्या पट्टीत दोन्ही लाटा एकमेकींना साथ देतात. खर्ज 6 डेसिबलपर्यंत वाढतो. अ‍ॅलिसन यांनी मग भिंतीला टेकवून ठेवायचे स्पीकरच बनवले.

घरात चहूबाजूंनी आवाज हवा, ही हौस मात्र चित्रपटगृहाची. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात डिस्नेचा ‘फँटेशिया’ लागला, तेव्हा संगीत पडद्यापुरतं राहिलं नाही. त्यासाठीची ध्वनियंत्रणा इतकी खर्चिक, की मोजक्याच शहरांत पोहोचली. 1953 च्या ‘द रोब’ने चित्रफितीवरच चार ध्वनिपट्टे दिले: तीन पडद्यामागच्या स्पीकरांसाठी, चौथा प्रेक्षागृहातल्या स्पीकरांसाठी. आपल्याकडे 70 मिमी पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनीची धमाल पुढे ‘शोले’ने दाखवली.

1982 मध्ये डॉल्बी सराउंड घरी आलं, 1987 च्या प्रो लॉजिकने संवादांसाठी मधला स्पीकर दिला, आणि मग डीव्हीडीने 5.1 घरोघरी नेलं.

अडचण जागेची होती. 5.1 च्या पाच पेट्या आणि खर्जासाठीचा एक सबवूफर ठेवायचे कुठे? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्लाझ्मा टीव्ही भिंतीवर चढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे जाडजूड खोके एकदम विजोड दिसू लागले. स्पीकरही मग सपाट झाले. त्याची किंमत खर्जाने मोजली, कारण चपट्या पेटीत हवा कमी मावते. तो भार सबवूफरने उचलला. टॉमलिन्सन हॉलमन यांच्या टीएचएक्स या ध्वनिमानकाने त्यासाठी ठरवलेली 80 हर्ट्झची सीमा (त्याखालचा आवाज सबवूफरकडे) आजही रिसीव्हरमध्ये सर्रास दिसते.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न विचारावा: हा स्पीकर भिंतीसाठीच घडवलाय, की मोकळ्या जागेतल्या स्पीकरला नुसता हुक लावलाय? दुसऱ्या प्रकारचा भिंतीवर टांगला, की आवाज घुमतो आणि संवाद बुजतात. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले घ्यावेत, म्हणजे पडद्यावरून धावणाऱ्या गाडीचा आवाज मध्येच बदलणार नाही. मागे भिंतच नसेल, तर ऑन-वॉलचा हट्ट सोडून स्टँडवरचे स्पीकर घेतलेले बरे.