‘बंद’ म्हणजे नक्की कधी बंद? लोणावळ्यातल्या एका हट्टी संगणकावरून थोडा इतिहास

माझा पीएचडीचा विषय मावळातली जलविद्युत आणि तिच्यासाठी पाण्याखाली गेलेल्या जमिनी. संगणकाशी त्याचा संबंध एवढाच की सगळे कागद शेवटी त्याच्यात जातात. गेल्या उन्हाळ्यात लोणावळ्यात भाड्याच्या खोलीवर राहून काम करत होतो, तेव्हा माझा जुना डेस्कटॉप बंद व्हायचं नाव घेईना. शटडाऊन केलं की पडदा काळा व्हायचा, पण पंखा चालू, दिवा चालू. अर्धा तास थांबा, तासभर थांबा, काही फरक नाही. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, की एकदाचा गप्प. असं तीन आठवडे चाललं आणि मला त्याचं काहीच वाटेना. ही सवय किती महागात पडली ते पुढे येईलच. आधी तो प्रश्न सोडवताना जो इतिहास हाती लागला तो सांगतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्याचा पेट परीक्षेत उपयोग होणार नाही, कागदपत्रं हाताळताना नक्की होईल.

एखादी गोष्ट नीट बंद करणं हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे आणि मावळाला तो चांगला माहीत आहे. 1911 मध्ये वळवण धरणाची पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन टाटांच्या कंपनीने 1915 मध्ये मुंबईला वीज द्यायला सुरुवात केली. पाण्याची उडी सुमारे 1,700 फुटांची, म्हणून तिथे पेल्टन चक्रं. आता समजा, मुंबईतल्या गिरण्यांचा भार अचानक कमी झाला. चक्रावरचा भार गेला की ते बेफाम वेगाने फिरू लागणार, म्हणून पाणी ताबडतोब थांबवायला हवं. पण एवढ्या उंचीवरून नळातून येणारं पाणी एका झटक्यात अडवलं तर त्याचा धक्का नळच फोडेल. उपाय मोठा सुंदर आहे. पाण्याच्या धारेसमोर एक पाते येतं आणि धार चक्रावरून बाजूला वळवतं. चक्र लगेच सुटतं, पाणी मात्र तसंच वाहत असतं, आणि मागची झडप सावकाश मिटत जाते. म्हणजे ‘बंद’ ही एक क्रिया नाहीच. त्या दोन आहेत, एक तातडीची आणि एक धीराची, आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही.

हे डोक्यात ठेवा, संगणकाचीही हीच गोष्ट आहे.

सुरुवातीची यंत्रं तर शक्यतो बंदच करायची नाहीत अशी होती. अमेरिकेतल्या एनिॲकमध्ये हजारो निर्वात नळ्या होत्या. त्या तापताना आणि थंड होतानाच जास्त करून जायच्या, त्यामुळे यंत्र चालू ठेवणंच परवडायचं. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक 1960 मध्ये पूर्णपणे कामाला लागला आणि 1962 मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. मुंबई शहरात वीज पुरवायची बेस्ट, आणि बेस्ट ती टाटांकडून घ्यायची. तेव्हा ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्रही सुरू झालेलं होतं, तरी त्या नळ्या तापवणाऱ्या विजेत आमच्या मावळच्या पाण्याचा थोडा वाटा असणारच. (हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही. अनुमान लिहिताना ‘हे अनुमान आहे’ असं लिहायची सवय आत्तापासून लावून घ्या. गाइडना ती आवडते.)

1981 मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीला बाजूला एक मोठा लाल खटका होता. तो खाली केला की वीज तुटली, खेळ खलास. फ्लॉपी बाहेर काढलेली असली की बहुतेक वेळा काही बिघडत नसे. हार्ड डिस्क आली तशी पंचाईत सुरू झाली. तिच्या चकतीवर वाचनाची सुई अगदी जवळून तरंगत असते. खटका पाडण्याआधी ती सुई सुरक्षित जागी नेऊन ठेवायला ‘पार्क’ नावाचा प्रोग्राम वेगळा चालवावा लागायचा. युनिक्स वापरणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. तिथे लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठायचा आणि थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरायचा. त्यामुळे बंद करण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा द्यायची, आणि जुनेजाणते ती तीनदा द्यायचे. तीनच का? तांत्रिक कारण काही नाही. तीनदा टाईप करेपर्यंत डिस्कला लिहायला वेळ मिळतो, एवढंच. पुढे कारण विसरलं गेलं आणि विधी उरला.

मला सगळ्यात उद्बोधक वाटतो तो 1993 चा प्रसंग. एमएस-डॉस 6.0 मध्ये स्मार्टड्राइव्ह नावाची सोय होती. काम वेगात व्हावं म्हणून ती डिस्कवर लिहायचा मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवायची. पण डॉस वापरणाऱ्यांची वर्षानुवर्षांची समजूत अशी की पडद्यावर प्रॉम्प्ट परत आला म्हणजे काम झालं. लोकांनी प्रॉम्प्ट पाहिला, खटका पाडला, आणि मेमरीत राहिलेला मजकूर गेला. त्याच वर्षी आलेल्या 6.2 मध्ये दुरुस्ती झाली: आधी सगळं डिस्कवर उतरवायचं, मगच प्रॉम्प्ट दाखवायचा. यात यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि माणसंही काही मूर्ख नव्हती. ‘झालं’ या खुणेचा अर्थ यंत्राने बदलला होता आणि माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा जागा शोधायच्या असतात, असं माझं मत आहे. कोणता शोध कधी लागला याच्या याद्या कुणीही करतं.

1995 मध्ये विंडोज 95 आलं आणि बंद करण्यासाठी ‘स्टार्ट’ दाबायची गंमत सुरू झाली. पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांत हे वाक्य ऐकून हसलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. शटडाऊन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता संगणक बंद करायला हरकत नाही. म्हणजे धीराचं काम यंत्र करणार, तातडीचं काम तुम्ही. त्याच सुमाराला एटीएक्स पद्धतीचे पॉवर सप्लाय आले आणि बटणाचा वीज तोडण्याशी थेट संबंध संपला. आता बटण म्हणजे नुसती विनंती. पुढे मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवणार काय करायचं ते. 1996 च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक जाहीर केलं. त्यात ‘बंद’चे प्रकारच पाडले आहेत: वायर काढल्यावरचं बंद वेगळं, आणि बटणाची वाट पाहत थोडी वीज पीत पडून राहिलेलं बंद वेगळं. बटण चार सेकंद दाबून धरलं की सक्तीने बंद, ही सोयही त्यातलीच. माझी तीन आठवड्यांची सवय म्हणजे हीच मागची खिडकी.

आणि बंद न होण्याच्या तक्रारीही तिथूनच वाढल्या. विनंती म्हटली की ती अडणार. विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीत संगणक बंद होताना अडकण्याचं प्रमाण एवढं झालं की मायक्रोसॉफ्टला खास त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा बंद होतच नाही. तो आहे त्या स्थितीत डिस्कवर उतरवून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. नावावरून उलटं वाटतं, पण रीस्टार्ट हेच शटडाऊनपेक्षा जास्त ‘बंद’ आहे.

आता माझ्या खोलीत परत या. मी शेवटी तेच केलं जे अभिलेखागारात करतो, दफ्तर उघडलं. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. त्यात 1074 क्रमांकाची नोंद सांगते की शटडाऊनचा हुकूम कुणी आणि किती वाजता दिला. 41 आणि 6008 या नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी पडतात आणि म्हणतात की काल यंत्र नीट बंद झालंच नव्हतं. माझ्याकडे रोज संध्याकाळी 1074 होती आणि रोज सकाळी 41. हुकूम सुटला होता, अंमल झाला नव्हता. (पेशवे दफ्तर वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.) तिसरी साक्षीदार 27 क्रमांकाची नोंद, यंत्र कोणत्या प्रकारे सुरू झालं ते सांगणारी. 9 मेपर्यंत तिथे 1 होता, म्हणजे फास्ट स्टार्टअप. 10 मेपासून सगळीकडे 0, म्हणजे पूर्ण थंड सुरुवात. बिघाडाला तारीख मिळाली.

9 मेला काय झालं? मी जुना स्कॅनर जोडून त्याचा ड्रायव्हर टाकला होता. पण त्याच दिवशी विंडोजचं अपडेटही आलं होतं. दोन संशयित. इथे आपण घाई करतो. तारीख जुळली की कारण सापडलं असं लिहून मोकळे होतो. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. स्कॅनरची वायर काढली: बंद झाला. परत जोडली: अडकला. मग स्कॅनर तसाच ठेवून कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढली: बंद झाला. म्हणजे दोष एकट्या स्कॅनरचा नाही आणि एकट्या फास्ट स्टार्टअपचाही नाही. गाभा झोपवताना प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरने ‘मी तयार’ म्हणावं लागतं, आणि हा जुना ड्रायव्हर ते म्हणत नव्हता. दोघं एकत्र आले की खोळंबा. अपडेट निर्दोष सुटलं. तुमच्याकडे असं झालं तर याच क्रमाने जा: आधी रीस्टार्ट नीट होतो का पाहा, मग बाहेरची उपकरणं एकेक काढा, मग फास्ट स्टार्टअप बंद करून पाहा, ड्रायव्हर नवा मिळतो का शोधा. बटण दाबून धरणं सगळ्यात शेवटी.

ते मी आधीच करून बसलो होतो. मे महिन्याच्या अखेरीस आंदर मावळातल्या एका घरी, ठोकरवाडीच्या पाण्यात गेलेल्या जमिनीच्या कागदांचं बाड पाहायला मिळालं. घरातले काका म्हणाले, “काय फोटो काढायचे ते आजच काढा, पावसात पोटमाळा उघडत नाही आम्ही.” 212 फोटो काढले. रात्री खोलीवर येऊन बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. ती डिस्क वेगात चालावी म्हणून मीच तिच्या सेटिंगमध्ये ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलं होतं, म्हणजे मजकूर आधी मेमरीत, मग डिस्कवर. 1993 चा स्मार्टड्राइव्हच तो. कॉपीची पट्टी पूर्ण झाली, शटडाऊन केलं, पडदा काळा झाला, आणि तोवर मी इतका निर्ढावलेलो होतो की लगेच बटण दाबून धरलं. सकाळी 37 फोटो उघडेनात.

कॅमेऱ्याचं कार्ड? कॉपी झाल्या झाल्या रिकामं केलं होतं. रिकाम्या कार्डावरूनही जुने फोटो परत मिळवता येतात, त्यावर नवं काही लिहिलेलं नसेल तर. मी पुढच्याच शनिवारी राजमाचीला काजवे बघायला गेलो होतो आणि अंधाराचे भरपूर फोटो काढले होते. 22 परत मिळाले, 15 काजव्यांनी खाल्ले.

पावसानंतर, भात पिवळं व्हायला लागलं तेव्हा, पुन्हा आंदर मावळात गेलो. काका रागावले नाहीत, उलट चहा होईपर्यंत स्वतः शिडी लावून बाड खाली आणलं. 15 पैकी 11 कागद सापडले. उरलेले चार ओल लागून एकमेकांना चिकटले होते, सोडवायला गेलं की पापुद्रे निघत होते. त्यातल्या एकावर विहीर आणि आंब्याच्या झाडांची मोजदाद होती, एवढं मला नक्की आठवतं, कारण त्या पहिल्या दिवशी ओसरीवर बसून मी वहीत तारीख घालून ती उतरवून घेतली होती. प्रबंधात त्या चार कागदांपुढे छायाचित्र क्रमांक नसेल, ‘संशोधकाचे टिपण’ असं लिहिलेलं असेल. चिकटलेले कागद आता काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेत. ते सुटे करू शकेल असं कुणी जाणकार मी पुण्यात शोधतो आहे.